युद्धकाळातल्या लढाऊ विमानावरची अनोळखी वस्तू कशी ओळखावी

मेसरश्मिट मी १६३ हे जर्मनीचं रॉकेटवर उडणारं लढाऊ विमान. तरीही त्याच्या नाकाच्या टोकावर एक चिमुकला पंखा दिसतो. रॉकेटच्या विमानाला पंखा कशाला? फोटो पहिल्यांदा बघणारे यावर भन्नाट तर्क लढवतात. उत्तर अगदी साधं आहे. समोरच्या वाऱ्यानं तो पंखा फिरतो आणि विमानापुरती वीज तयार होते. इतर विमानांत जनरेटर इंजिनाला जोडलेला असे, इथे तसं इंजिनच नव्हतं.

दुसऱ्या महायुद्धातल्या विमानांचे फोटो चाळताना अशा वस्तू सतत भेटतात: पंखाखालची काडी, कॉकपिटजवळचा पत्रा, शेपटीवरच्या तारा. ओळखायला बसलं की बहुतेकांचा पहिला प्रश्न असतो, ‘हे कशासारखं दिसतं?’ गाडी तिथेच रुळावरून घसरते. नळी दिसली की तोफ वाटते, काडी दिसली की रडार. त्यापेक्षा ‘ही वस्तू नेमकी इथेच का बसवली असेल?’ असं विचारावं. आणि गुप्त शस्त्राचा विचार करण्याआधी कंटाळवाण्या शक्यता संपवाव्यात: धूळ, ऊन, चकाकी, चाकं, पेट्रोल. लढाऊ विमानावरच्या अनोळखी वस्तूंतल्या बऱ्याचशा असल्याच घरगुती गरजांसाठी असतात.

पायरी १: वस्तू खरोखर विमानावरच आहे का?

हास्यास्पद वाटेल, पण सुरुवात इथूनच करायची. निगेटिव्हवरचा ओरखडा तारेसारखा दिसतो. मागे उभा असलेला तंबूचा खांब पंखातून वर आलेला वाटतो. वेग मोजणाऱ्या पिटो नळीवरचं कापडी आवरण, उभ्या विमानाचे रडर आणि एलेरॉन (शेपटीची आणि पंखांची हलती पानं) वाऱ्यानं हलू नयेत म्हणून लावलेल्या फळ्या, चाकांचे ओंडके या सगळ्या जमिनीवरच्या वस्तू. उड्डाणाआधी त्या काढल्या जात. एकाच विमानाचे दोन फोटो मिळाले तर आधी हीच गोष्ट तपासावी.

उलटंही घडतं. वस्तू विमानावर असते, पण फोटोत नसते. युद्धकाळातले सेन्सॉर रडारचे अँटेना छापण्याआधी पुसून टाकत. रात्री लढणाऱ्या विमानाचं नाक एखाद्या जुन्या नियतकालिकातल्या फोटोत विचित्र गुळगुळीत दिसलं, आसपासची पार्श्वभूमी धुरकट वाटली, तर ते ब्रशचं काम असू शकतं. आजचा उपद्रव वेगळा आहे. सॉफ्टवेअरनं रंगवलेले किंवा ‘स्पष्ट’ केलेले फोटो नसलेले तपशील बिनदिक्कत भरून काढतात. रिव्हेट, भोकं, तारा, काहीही. मूळ स्कॅन मिळाल्याशिवाय पुढे जाऊ नये.

मग फोटो उलटा छापलाय का ते बघा. डावं-उजवं नेहमी वैमानिकाच्या आसनावरून मोजायचं. जर्मन बीएफ १०९च्या नाकावरचं, इंजिनात जादा हवा कोंबणाऱ्या सुपरचार्जरचं हवातोंड डावीकडे असतं. ते उजवीकडे दिसलं तर फोटो फिरलेला आहे. ब्रिटिश स्पिटफायरच्या मार्क ५ (मार्क म्हणजे आवृत्ती) पर्यंतच्या विमानांत उजव्या पंखाखाली मोठा रेडिएटर आणि डाव्या पंखाखाली लहान ऑइल कूलर असतो. मार्क ९ पासून दोन्हीकडचे खोके सारखे दिसतात, म्हणून तिथे ही युक्ती चालत नाही. तेव्हा कॉकपिटचं छोटं दार बघायचं, ते डावीकडे असतं.

पायरी २: विमान, उपप्रकार, मुलूख, काळ

‘स्पिटफायर’ एवढं पुरत नाही. कुठला मार्क, कुठे, कधी, हे जितकं घट्ट बांधाल तितके उमेदवार कमी होतात.

बर्मा आघाडीचं उदाहरण घ्या. १९४३च्या शरद ऋतूत तिथे आलेल्या स्पिटफायर मार्क ५च्या नाकाखाली मोठी बोजड हनुवटी दिसते. तो धुळीसाठी बसवलेला व्होक्स फिल्टर. काही महिन्यांतच तिथे मार्क ८ उतरले. त्यांत एअरो-व्ही नावाचा फिल्टर मुळातच आत बसवलेला असल्यामुळे हनुवटी नाही. म्हणजे एका हनुवटीवरून मार्कही कळतो आणि काळाचा अंदाजही येतो. भारतीय हवाई दलानंही याच आघाडीवर आधी हरिकेन आणि मग स्पिटफायर मार्क ८ उडवले, त्यामुळे आपल्याकडच्या फोटोंनाही हा निकष लागू होतो. इजिप्तमधल्या अबुकीरच्या दुरुस्ती केंद्रानं व्होक्सपेक्षा लहान, आटोपशीर फिल्टर तयार केला होता. तो दिसला की नजर भूमध्य समुद्राकडे वळवावी.

पायरी ३: जागा काय सांगते

खरं काम इथे होतं. विमानावर मोकळी जागा फार नसते. प्रत्येक जागेला काहीतरी मिळतं आणि काहीतरी नाकारलं जातं. अभियंत्यानं वस्तू कुठे बसवली हे बघितलं की तिला हवा हवी होती, नजर हवी होती, आकाश हवं होतं की माणसाचा हात, हे कळतं.

पंखाची पुढची कड आणि पंखाखालची जागा म्हणजे प्रोपेलरच्या वावटळीबाहेरची स्वच्छ हवा. वेग मोजणारी पिटो नळी म्हणूनच इथे असते. स्पिटफायरवर ती डाव्या पंखाखाली इंग्रजी एल आकारात लटकते आणि नवखे लोक तिला हमखास अँटेना समजतात. पुढच्या कडेवरचं गोल भोक तोफेचंच असेल असं नाही. स्पिटफायरच्या डाव्या पंखाच्या मुळाशी गन कॅमेरा बसत असे. पंखाखालची जाड, दोन्ही तोंडांनी उघडी नळी जर्मन विमानावर दिसली तर ती २१ सेंमी रॉकेटची असू शकते. बॉम्बर विमानांचा थवा फोडण्यासाठी बीएफ १०९ आणि फोके-वुल्फ १९० ती वापरत. अमेरिकन विमानावर तीन नळ्यांचा जुडगा दिसला तर तो ४.५ इंची रॉकेटचा.

विमानाची पाठ म्हणजे आकाशाकडची बाजू. इथे रेडिओची काठी, दिशा शोधणारं कडं, कधी पारदर्शक घुमट असतो. बीएफ १०९च्या पाठीवर कॉकपिटमागे लहान घुमट असेल, तर तो बहुधा नाक्सोसचा. ब्रिटिश बॉम्बरांच्या एच२एस रडारच्या लहरी पकडणारं ते उपकरण होतं. पोटाखाली मात्र जमिनीशी बोलणाऱ्या आणि टाकून द्यायच्या वस्तू असतात. जर्मन विमानाच्या पोटाखालची बारीक उभी काडी बहुधा शत्रू-मित्र ओळखयंत्राची, म्हणजे एफयूजी २५एची. टाकून द्यायच्या टाक्यांपैकी ब्रिटनमध्ये बनलेल्या १०८ गॅलनच्या बऱ्याच टाक्या चक्क दाबलेल्या कागदाच्या असत, म्हणून फोटोत त्यांचा पृष्ठभाग धातूसारखा चमकत नाही.

कॉकपिटच्या आसपासची वस्तू असेल, तर ती वैमानिकाच्या डोळ्यांसाठी की हातांसाठी, हे आधी विचारा. काही स्पिटफायर आणि हरिकेनवर विंडस्क्रीनच्या पुढे, एक्झॉस्टच्या वर, छोटा पत्रा उभा केलेला दिसतो. ते चिलखत नव्हे. रात्री एक्झॉस्टच्या ज्वाळांनी डोळे दिपू नयेत म्हणून लावलेला तो आडोसा आहे. पी-३८ लायटनिंगच्या इंजिनाच्या घरट्यावर आतल्या बाजूला चकचकीत लंबगोल दिसतो. नाकाखालचं चाक उतरलं की नाही, हे वैमानिकाला बसल्या जागेवरून दिसावं म्हणून तेवढा भाग घासून आरसा केलेला. याच गरजेसाठी सुरुवातीच्या स्पिटफायरच्या पंखावर चाकं उतरल्यावर एक काडी वर येत असे.

माझं सगळ्यात आवडतं उदाहरण बीएफ १०९ एफ-४च्या वाळवंटी प्रकाराचं. डावीकडे, कॉकपिटच्या कडेखाली दोन छोटे निमुळते कंस. यांच्यावर काय काय तर्क झालेत! दोरी बांधायची कडी, पायरी, अँटेनाचा पाया. प्रत्यक्षात ते छत्री लावायचे कंस आहेत. उत्तर आफ्रिकेत वैमानिक हुकूम येईपर्यंत कॉकपिटमध्ये पट्टे बांधून बसून राहायचा, आणि त्याच्या डोक्यावर जाड दांड्याची छत्री उभी केलेली असायची. फोटोत छत्री नसते, कंस उरतात.

नाकाचा टोकाचा भाग सहसा जमिनीवरच्या माणसांसाठी असतो. जपानी सैन्याच्या की-४३ विमानाच्या स्पिनरवरचा, म्हणजे प्रोपेलरच्या मधल्या टोपीवरचा, खाचेचा कोंभ शस्त्र नाही. ट्रकवर बसवलेल्या दांड्यानं इंजिन फिरवून सुरू करायची ती खूण. मी २६२ या जेट विमानाच्या इंजिनाच्या तोंडात मधोमध लटकणारी कडी दिसते. आत एक लहान टू-स्ट्रोक इंजिन असे आणि ही कडी ओढून ते सुरू करता येई. मग ते मोठ्या इंजिनाला फिरवी.

आणि शेपूट. हॉकर टायफूनच्या शेपटीआधी धडाभोवती ठिगळांची रांग दिसली तर उपकरण शोधू नका. उड्डाणात शेपूट तुटण्याचे अपघात झाल्यावर सांध्यावर ठोकलेल्या त्या मजबुतीच्या पट्ट्या आहेत. १९४०च्या उत्तरार्धातल्या स्पिटफायरच्या धडापासून आडव्या शेपटीच्या टोकांपर्यंत गेलेल्या दोन बारीक तारा मात्र खरंच उपकरणाच्या आहेत, सुरुवातीच्या ब्रिटिश ओळखयंत्राच्या. पुढे या ओळखयंत्राचा मार्क ३ आल्यावर तारा गेल्या आणि उजव्या पंखाखाली छोटी काडी आली. तारीख नसलेल्या फोटोसाठी हा बदल फार कामाचा आहे.

पायरी ४: एकटी आहे की जोडीनं?

जोडीनं बसवलेल्या अँटेनांचा उद्देश बहुतेकदा दिशा कळणं हा असतो. डावीकडचा संकेत जोरात की उजवीकडचा, एवढ्यावर काम चालतं. एकच उभी काठी असेल तर साधा रेडिओ संभवतो.

एकाच पंखावर मोठा फुगा असेल तर वेगळा विचार करावा. अमेरिकन नौदलाच्या हेलकॅट आणि कोर्सेअरच्या रात्रीच्या प्रकारांत उजव्या पंखावर गोल डबा दिसतो. त्यात रडार आहे, आणि ते पंखावर जायचं कारण एवढंच की एक इंजिनाच्या विमानाचं नाक इंजिन आणि प्रोपेलरनं आधीच व्यापलेलं असतं. दोन इंजिनांच्या विमानांत नाक मोकळं असतं, म्हणून मॉस्किटो, ब्यूफायटर, बीएफ ११० यांचा अँटेना नाकावर.

पायरी ५: मोजा

डोळ्यांवर विश्वास ठेवू नका, पट्टी लावा. फोटोतच मोजपट्टी असते. बीएफ १०९च्या मुख्य चाकाचा टायर साधारण ६५ सेंमी व्यासाचा. अमेरिकन पी-५१डी मस्टँगच्या प्रोपेलरचा व्यास सुमारे ३.४ मीटर. मोजायची वस्तू आणि पट्टी कॅमेऱ्यापासून सारख्याच अंतरावर असली पाहिजे, नाहीतर सगळं गणित वाया जातं.

वस्तू अँटेना वाटत असेल तर मोजमाप सोन्याचं ठरतं. साध्या डायपोलची, म्हणजे सरळ दांडीच्या अँटेनाची, लांबी तरंगलांबीच्या निम्मी असते. घराच्या छपरावरच्या जुन्या टीव्ही अँटेनाच्या दांड्या आठवा, तोच हिशेब. सूत्र असं: १५० ला मेगाहर्ट्झमधल्या फ्रिक्वेन्सीनं भागलं की दांडीची लांबी मीटरमध्ये मिळते. उलट, १५० ला लांबीनं भागलं की मेगाहर्ट्झ. धडातून किंवा पंखातून निघालेली एकटी काठी असेल, तर ती पाव तरंगलांबीची असू शकते. तिथे १५० ऐवजी ७५ घ्या.

जर्मनांचं लिश्टेनश्टाइन बी/सी हे रडार ४९० मेगाहर्ट्झवर चाले. म्हणजे दांड्या सुमारे ३० सेंमी. नाकावर अशा आखूड दांड्यांची गर्दी दिसते. त्याच्या जागी आलेलं एसएन-२ सुमारे ९० मेगाहर्ट्झवर होतं, म्हणून त्याच्या दांड्या लांबलचक. अमेरिकन पी-५१च्या उभ्या शेपटीच्या दोन्ही बाजूंना आडव्या काड्या दिसतात. त्या एएन/एपीएस-१३ या मागून येणाऱ्या विमानाचा इशारा देणाऱ्या रडारच्या. ते ४१५ मेगाहर्ट्झवर चाले, तेव्हा ३६ सेंमीच्या आसपासचं माप अपेक्षित धरा. (याच उपकरणात फेरफार करून हिरोशिमा आणि नागासाकीवरच्या बॉम्बांचे उंचीमापक बनवले होते. शेपटीवरच्या दोन निरुपद्रवी काड्यांचा असा शेवट!)

एक सावधगिरी: कॉइल घालून अँटेना आखूड करता येतो. सूत्रानं एक मीटर यावं आणि फोटोत ६० सेंमी मिळावं, असं होतं. म्हणून मोजमापावरून उमेदवार बाद करावेत, निवड एकट्या त्यावर करू नये.

पायरी ६: तारखेशी ताळा

प्रत्येक उपकरणाला जन्मतारीख असते आणि ती बहुधा शत्रूच्या एखाद्या चालीशी बांधलेली असते. २४-२५ जुलै १९४३च्या रात्री हॅम्बुर्गवरच्या हल्ल्यात ब्रिटिशांनी पहिल्यांदा धातूच्या पातळ पट्ट्या हवेत सोडल्या. लिश्टेनश्टाइन त्यानं आंधळं झालं. त्यानंतर एसएन-२ची घाई झाली. म्हणून ‘१९४२’ अशी ओळ असलेल्या फोटोत लांब दांड्यांचा एसएन-२ दिसत असेल, तर ओळ चूक आहे असं बेलाशक समजा.

शत्रूच्या विमानांवरचं गूढ त्या काळच्या लोकांनाही पडत होतं. १३ जुलै १९४४ रोजी एक युंकर्स ८८ जी-१ वाट चुकून इंग्लंडमध्ये सफोकच्या वुडब्रिज तळावर उतरलं. त्यावर एसएन-२ तर होतंच, शिवाय पंखांवर वेगळे अँटेना होते. ते फ्लेन्सबुर्गचे निघाले. ब्रिटिश बॉम्बरांच्या शेपटीत मागून येणाऱ्या विमानाचा इशारा देणारं मोनिका रडार होतं आणि फ्लेन्सबुर्ग नेमक्या त्याच्याच लहरींचा माग काढत होतं. ज्या यंत्रानं जीव वाचवायचा, तेच शिकाऱ्याला वाट दाखवत होतं. मोनिका बॉम्बरांवरून काढून टाकली गेली. फ्लेन्सबुर्गचे अँटेना नुसते बघून हे कळलं नसतं. ते कुठल्या फ्रिक्वेन्सीसाठी आहेत आणि त्या फ्रिक्वेन्सीवर समोर कोण बोलतंय, हे जुळवल्यावर उलगडा झाला. आपणही फोटोसमोर हेच करायचं.

पायरी ७: वस्तू हातात असेल तर

भंगारबाजारातून, लिलावातून किंवा आजोबांच्या पेटीतून सुटा भाग मिळाला तर काम सोपं आणि थोडं धोक्याचं. धोका आधी. त्या काळच्या डायलवर अंधारात चमकणारा रंग रेडियमचा असे. चमक गेली तरी किरणोत्सर्ग जात नाही, म्हणून काच उघडू नका, रंग खरवडू नका. ओळखयंत्राच्या डब्यात ते शत्रूच्या हाती लागू नये म्हणून लहान स्फोटक बसवलेलं असे. कॉकपिटमध्ये शेजारी-शेजारी दोन बटणं, एकाच वेळी दाबायची, अशी व्यवस्था दिसली तर ती याचीच. असा डबा मिळाला तर हलवू नका, पोलिसांना कळवा.

मग अक्षरं वाचा. मुकुटाखाली ‘एएम’ म्हणजे ब्रिटिश एअर मिनिस्ट्री. तिच्या भांडार क्रमांकाची सुरुवातच वर्ग सांगते: ६ए म्हणजे उपकरणं, ५सी विजेचं सामान, १० रेडिओ, १४ए कॅमेरे. ‘सीबीएएफ’ असेल तर तो भाग स्पिटफायर बनवणाऱ्या कॅसल ब्रॉमविच कारखान्यातला. जर्मन वस्तूवर ‘एफयूजी’ असेल तर रेडिओ किंवा रडार. अमेरिकन उपकरणांची नावं १९४३ पासून एका पद्धतीनं पडू लागली. ‘एएन’ आणि तिरक्या रेघेनंतरची तीन अक्षरं अनुक्रमे सांगतात की यंत्र कुठे बसतं, कुठल्या प्रकारचं आहे आणि कशासाठी आहे. एपीएस असेल तर विमानातलं, रडार, शोधासाठी. एआरसी असेल तर विमानातला, रेडिओ, संभाषणासाठी. त्याआधीच्या सेटवर एससीआर अशी अक्षरं सापडतील.

फोटोतही हीच नजर ठेवा. जर्मन विमानावर पिवळा त्रिकोण आणि त्यात ८७ असा आकडा असेल, तर शेजारचं झाकण पेट्रोलचं आहे. गूढ संपलं.

पायरी ८: कागद

आता कुठे पुस्तकं उघडायची. आधी उघडली की मेंदू चित्राशी चित्र जुळवायला लागतो. क्रम माझ्या मते असा: वैमानिकाची पुस्तिका, देखभालीची पुस्तिका, सुट्या भागांची सचित्र यादी. ओळखीसाठी शेवटची सगळ्यात भरवशाची, कारण तिच्यात प्रत्येक कंसाचंही चित्र असतं. ब्रिटिश स्पिटफायरसाठी एअर पब्लिकेशन १५६५ ही मालिका शोधा, अमेरिकन विमानांसाठी टेक्निकल ऑर्डर, बीएफ १०९साठी डी. लुफ्ट टी. २१०९. स्क्वाड्रनच्या रोजनिशा लंडनमधल्या क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात एआयआर २७ या मालिकेत आहेत. स्पिटफायर उडवणाऱ्या ब्रिटिश हवाई दलाच्या (आरएएफ) १३२ ‘सिटी ऑफ बॉम्बे’ स्क्वाड्रनचा मागही तिथेच लागतो.

प्रत्यक्ष विमान बघायचं तर दिल्लीच्या पालम इथल्या भारतीय हवाई दलाच्या संग्रहालयात स्पिटफायर, हरिकेन, टेम्पेस्ट आहेत, आणि जपानी ओका हे आत्मघाती रॉकेट विमानही आहे. कंस, झाकणं, भोकं यांची खोली फोटोत कळत नाही, ती तिथे कळते. पण दुरुस्त केलेल्या विमानाला पुरावा मानू नका. भाग बदललेले असतात, आणि आजही उडणाऱ्या मस्टँगच्या पाठीवर तर आधुनिक रेडिओ आणि जीपीएसचे अँटेना बसलेले असतात. आरसा, काठी, डबा असं काही वेगळं दिसलं की त्याच विमानाचा युद्धकाळातला फोटो शोधावा.

पायरी ९: नोंद

निष्कर्षाबरोबर खात्रीची पातळी लिहा: पक्की, बहुधा, नुसता अंदाज. आणि बाद केलेले पर्याय कारणासकट ठेवा, नाहीतर वर्षभरानं दुसरा कोणीतरी तीच पिटो नळी पुन्हा अँटेना म्हणून घेऊन येतो. नमुन्यादाखल एक नोंद:

‘पी-५१डी, इवो जिमा, १९४५. धडाच्या पाठीवर, कॉकपिटमागे, शेजारी-शेजारी दोन उभ्या काठ्या. एएन/एआरए-८ दिशाशोधक, वैमानिकांच्या भाषेत अंकल डॉग. समुद्रावरून वाट दाखवणाऱ्या बी-२९ विमानाचा संकेत पकडण्यासाठी. विमान एका बाजूला भरकटलं की कानात मोर्सचा यू, दुसऱ्या बाजूला डी. शेपटीचं रडार नव्हे, कारण ते उभ्या शेपटीवर असतं आणि त्याच्या काड्या आडव्या असतात. खात्री: पक्की.’